क्रॅनबेरी की शिंगाडा? बालवाडीसाठी कुठलं फळ निवडाल

‘फळं कशी पिकतात’ हा विषय घ्यायचा ठरला की हल्ली इंदूरच्या बालवाड्यांतही क्रॅनबेरीचं नाव निघतं. कमरेइतक्या पाण्यात उभे शेतकरी, भोवती लालभडक फळंच फळं. असा फोटो मुलांना आवडणारच. चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी मी मात्र शिंगाडाच घेईन.

तो फोटो बघून मुलांना वाटतं, हे फळ पाण्यातच उगवतं. क्रॅनबेरी म्हणजे खरं तर उत्तर अमेरिकेतली जमिनीलगत पसरणारी वेल. विस्कॉन्सिन, मॅसॅच्युसेट्स, क्वेबेककडे ती रेताड, आम्लधर्मी जमिनीत लावतात. सप्टेंबर ते नोव्हेंबरात फळ तयार झालं की शेतात पाणी सोडायचं, यंत्राने वेली घुसळायच्या. फळाच्या पोटात हवेचे चार कप्पे असतात, त्यामुळे सुटलेली फळं वर येतात. ताजी विकायची फळं तर कोरड्या शेतातच काढतात.

शिंगाडा मात्र अस्सल पाण्यातला. मुळं तळाच्या चिखलात, पानांचा झुबका वर तरंगता. इथे हवा फळात नसते, पानांच्या फुगीर देठांत असते. जून झालेलं फळ गळून तळाशी जातं, म्हणून त्याआधीच होडीतून जाऊन, झुबका उलटा करून खालची फळं खुडावी लागतात. सहा-सात वर्षांच्या मुलांना ‘हवा नेमकी कुठे आहे?’ एवढंच विचारा. तास पुरणार नाही.

आता सामानाचं. ताजी क्रॅनबेरी इंदुरात सहसा मिळत नाही. सुक्या मेव्याच्या दुकानातली साखरेत मुरवलेली असते, तिच्यात कप्पे दिसत नाहीत. फ्रोझन मिळाली तर आडवी कापून दाखवा. आणि सुकी खायला देणार असाल तर बारीक चिरून, लहानग्यांच्या घशात अडकते.

शिंगाडे ऑक्टोबरपासून मालवा मिलच्या भाजीबाजारात ढिगाने येतात. शिंगं टोचतात, तेव्हा सोलायचं काम ताईंनीच करावं. तळ्यातलं फळ, नीट धुऊन उकडलेलंच द्यावं. उपासाचा शिरा ह्याच फळाच्या पिठाचा, हे कळल्यावर ‘आमच्या आजीकडे आहे!’ असा गलका होतो. क्रॅनबेरीला ही सोय नाही.

पहिली-दुसरीला दोन्ही शिकवता येतील. तिथेही आधी शिंगाडा हातात द्या आणि क्रॅनबेरीचा फोटो दुसऱ्या दिवशी दाखवा.