शेव्ही ३५५ साठी सिलिंडर हेड आणि रॉकर आर्म: काय घ्यावं, काय टाळावं

शेव्हरोलेटचं ३५० क्यूबिक इंचांचं स्मॉल ब्लॉक, बोअर ३० थाऊने (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवून ३५५ केलेलं. पिस्टन सपाट, कॅम हायड्रॉलिक, रोज रस्त्यावर चालवायचं, आणि सहा हजार आरपीएमपर्यंत जीव न सोडणारं. अशा इंजिनासाठी तीन हेड वारंवार चर्चेत येतात: कंपनीचंच बिडाचं व्होर्टेक, एडलब्रॉकचं परफॉर्मर आरपीएम आणि एएफआरचं १९५ एलिमिनेटर. खिशाला परवडत असेल तर एएफआर घ्यावं. नसेल तर व्होर्टेक, पण त्याच्या मर्यादा ओळखून. एडलब्रॉक या दोघांच्या मधलं, खात्रीचं हेड आहे.

व्होर्टेक १९९६ पासूनच्या ट्रकच्या ३५० इंजिनांवर आलं. कास्टिंग नंबरचे शेवटचे तीन आकडे ९०६ किंवा ०६२. चेंबर (पिस्टनवरची ज्वलनाची पोकळी) ६४ सीसी, इनटेक पोर्ट (मिश्रण आत नेणारी वाट) साधारण १७० सीसी, व्हॉल्व्ह इनटेकचा १.९४ आणि एक्झॉस्टचा १.५० इंची. कारखान्यातून निघालेल्या बिडाच्या हेडला इतका चांगला पोर्ट मिळणं ही मोठीच गोष्ट आहे. अडचण पुढे येते. याला इनटेक मॅनिफोल्ड वेगळा लागतो: जुन्याला बारा बोल्ट, याला आठच, त्यामुळे जुना बसत नाही. व्हॉल्व्ह कव्हरही मधून बोल्ट असणारंच हवं. रॉकरचे (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या दांडीचे) स्टड ठोकून बसवलेले असतात. जड स्प्रिंग घातली की ते हळूहळू वर ओढले जातात. आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) गाइडच्या (व्हॉल्व्हची दांडी धरणाऱ्या नळीच्या) सीलवर आदळू शकतो. ०.४५० इंचांपुढची लिफ्ट (व्हॉल्व्ह उघडण्याची उंची) असेल तर मोजल्याशिवाय कॅम घालूच नये. रिटेनर आणि सील यांच्यात पूर्ण लिफ्टला किमान ५० थाऊ मोकळे राहिले पाहिजेत. जुनं हेड विकत घेताना दोन व्हॉल्व्ह सीटांच्या मधल्या तड्यांची तपासणी मशीन शॉपकडून आधी करून घ्या. गाइड कापणं, स्क्रूचे स्टड, नव्या स्प्रिंग हे सगळं जोडलं की स्वस्त हेड तितकं स्वस्त राहत नाही.

एडलब्रॉकचा पोर्टही १७० सीसीच, पण व्हॉल्व्ह २.०२ आणि १.६० इंची, चेंबर ६४ किंवा ७० सीसी. खालच्या आरपीएमला प्रतिसाद छान. एएफआरमध्ये पोर्ट १९५ सीसी, इनटेक व्हॉल्व्ह २.०५ इंची, चेंबर ६५ किंवा ७५ सीसी. ३५५ ला हा पोर्ट अगदी नेमका बसतो. इथे मोह आवरायला हवा: २१० किंवा २२० सीसीच्या हेडचा फ्लोचा (हवा किती वाहते त्याचा) आकडा कागदावर मोठा दिसतो, पण याच इंजिनात त्या पोर्टमधून हवा मंदावते आणि तीन-साडेतीन हजार आरपीएमपर्यंतचा टॉर्क जातो. रस्त्यावर इंजिन बहुतेक वेळ तिथेच फिरतं. तो पोर्ट ३८३ किंवा त्याहून मोठ्या इंजिनासाठी ठेवा. फ्लोचे आकडे ताडताना दोन्ही चाचण्या २८ इंच पाण्याच्या दाबावर झाल्या आहेत ना, हे पाहावं. नुसता सर्वांत वरचा आकडा न पाहता ०.२०० ते ०.४०० इंच लिफ्टचे आकडे पाहावेत. व्हॉल्व्ह उघडताना आणि बंद होताना त्या टप्प्यातून दोनदा जातो. पूर्ण लिफ्टला एकदाच पोहोचतो.

चेंबर निवडण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. बोअर ४.०३०, स्ट्रोक ३.४८ म्हणजे एका सिलिंडरचे सुमारे ७२७ सीसी. पिस्टन डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागाच्या) २५ थाऊ खाली, गॅस्केट ४१ थाऊ जाड आणि ४.१०० बोअरचं, पिस्टनवरच्या व्हॉल्व्हच्या खाचा ५ सीसी. ६४ सीसी चेंबरला कॉम्प्रेशन ९.७५ च्या आसपास येतं. ७६ सीसीला ८.६५ वर घसरतं. पण खरी चूक दुसरीकडेच आहे: २५ अधिक ४१ म्हणजे पिस्टन आणि हेडमध्ये ६६ थाऊचं अंतर. ते ४० च्या जवळ हवं. जास्त अंतरामुळे मिश्रण नीट घुसळत नाही आणि इंजिन नॉक करायला (मिश्रण अवेळी पेटून ठोकायला) लागतं. डेक घासून पिस्टन समपातळीला आणला की अंतर ४१ होतं, कॉम्प्रेशन १०.३ च्या वर जातं. ॲल्युमिनियमच्या हेडला ते चांगल्या पेट्रोलवर झेपतं. बिडाच्या हेडला जपून.

आता रॉकर. मूळ दाबलेल्या पत्र्याचा रॉकर सौम्य कॅमपुरता ठीक. मोठ्या लिफ्टला त्याची खाच स्टडला घासते. कॉम्प कॅम्सचा मॅग्नम टोकाला रोलर असलेला स्टीलचा रॉकर आहे, व्होर्टेकवरच्या साध्या कॅमला तो पुरेसा आहे. एएफआरवर मात्र पूर्ण रोलर घ्यावा, मधल्या बेअरिंगसकट, आणि रस्त्यावरच्या गाडीसाठी ॲल्युमिनियमऐवजी स्टीलचा. ॲल्युमिनियम हलकं, पण वर्षानुवर्षांच्या दाबाने थकतं.

रॉकरचं गुणोत्तर १.५ की १.६? (कॅमची उंची रॉकर तितक्या पटीने वाढवून व्हॉल्व्हला देतो.) १.५ ला ०.४८० लिफ्ट देणारा कॅम १.६ ला ०.५१२ देतो. कॅम न बदलता मिळालेली ही वाढ आकर्षक वाटते, पण तिच्याबरोबर स्प्रिंग, रिटेनर, पिस्टनचं अंतर आणि पुशरॉडचं (लिफ्टरपासून रॉकरला ढकलणाऱ्या दांडीचं) भोक, सगळं पुन्हा तपासावं लागतं. जुन्या हेडच्या अरुंद भोकात १.६ चा पुशरॉड कडेला घासतो. मुळातच योग्य कॅम घेतला असेल तर १.५ वरच राहावं.

एक चूक सर्वांत महाग पडते: सेल्फ-अलाइनिंग रॉकर आणि गाइड प्लेट (पुशरॉडला जागेवर धरणारी पट्टी) एकत्र बसवणं. व्होर्टेकचा मूळ रॉकर व्हॉल्व्हच्या टोकावर स्वतःच सरळ राहतो. वर गाइड प्लेट घातली की दोघं एकमेकांशी झगडतात आणि व्हॉल्व्हचं टोक खराब होतं. दोनपैकी एकच. गाइड प्लेट असेल तर पुशरॉड हार्डन केलेलाच हवा.

पुशरॉडची लांबी अंदाजाने मागवू नका. हलकी चेकिंग स्प्रिंग आणि लांबी बदलणारा पुशरॉड लावा, व्हॉल्व्हच्या टोकाला मार्कर फासा, इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. रोलरने पुसलेला पट्टा जिथे सर्वांत अरुंद, ती लांबी बरोबर. पट्टा थोडा कडेला आला तरी चालेल, रुंद झाला तर गाइड झिजतात. मग पिस्टनवर क्ले (मऊ माती) ठेवून व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर मोजा: इनटेकला ८० थाऊ, एक्झॉस्टला १०० थाऊ किमान. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असण्याच्या क्षणाच्या) आधी दहाएक अंशांवर, इनटेक नंतर दहाएक अंशांवर पिस्टनच्या सर्वांत जवळ असतो. स्प्रिंगचे वेढे पूर्ण लिफ्टला एकमेकांना टेकण्याआधी ६० थाऊ उरायला हवेत.

बसवताना ॲल्युमिनियमवर बोल्टखाली कडक वॉशर घाला, बोल्टच्या आट्यांना सीलंट लावा. या ब्लॉकमध्ये त्यांची भोकं पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडतात. सीलंट विसरलं की काही दिवसांत बोल्टच्या डोक्याशी कूलंट दिसतं. टॅपेट सेट करताना एक्झॉस्ट उघडायला लागला की इनटेक सेट करा, इनटेक बंद होत आला की एक्झॉस्ट. पुशरॉड वर-खाली हलवून ढिलाई पाहा. गोल फिरवून पाहिलंत तर लिफ्टरचा प्लंजर दबलेला कळत नाही. ढिलाई संपली की अर्धा फेरा, मग पॉलीलॉकचा (रॉकर जागेवर धरणाऱ्या लॉक नटचा) आतला स्क्रू घट्ट करून दोन्ही मिळून किंचित आवळा. कव्हर बसवण्याआधी ते पॉलीलॉकला लागत नाही ना, हे इंजिन हाताने फिरवून पाहा. लागत असेल तर उंच कव्हर किंवा जाड गॅस्केट. प्लगही जुने वापरू नका: एएफआरच्या प्लगची लांबी वेगळी असते, चुकीचा घातला की आटे चेंबरमध्ये उघडे पडतात किंवा पिस्टनला लागतात.