वॉरंटी संपलेली गाडी सोलापुरात कुठे न्यावी? कंपनी वर्कशॉप, बाहेरचं गॅरेज आणि वाढीव वॉरंटी

वॉरंटी संपली की बिल फुगतं ते बहुतेक वेळा सुट्या भागाच्या किमतीमुळे नव्हे, तर बिघाड नीट न शोधता भाग बदलल्यामुळे. कंपनीची वर्कशॉप असोत की बाहेरची गॅरेज, हा दोष दोन्हीकडे आढळतो. कंपनीत अख्खी असेंब्ली, म्हणजे जोडलेल्या भागांचा सगळा संचच, बदलायचा सल्ला मिळतो. बाहेर ‘हे घालून बघू, नाही झालं तर ते बघू’ असं चालतं. पैसे दोन्हीकडे गिऱ्हाइकाचेच जातात. म्हणून कुठलंही ठिकाण जोखायची पहिली कसोटी एकच: भाग सांगण्याआधी ते तपासणी कशी करतात?

टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या डिझेल गाडीचं उदाहरण घ्या. पिकअप गेला, इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी०२९९ कोड आला. टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे, एवढंच हा कोड सांगतो. टर्बो गेला असं तो सांगत नाही. इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली हवा गार करणाऱ्या जाळीचा) रबरी पाईप फाटलेला असू शकतो, क्लिप सैल असू शकते, व्हॅक्यूमची बारीक नळी तडकलेली असू शकते. आपल्याकडच्या उन्हात रबर लवकर कडक होतं, तेव्हा आधी तिथेच बघायला हवं. रेस केल्यावर हवा सुटल्याचा आवाज येतो का, पाईपच्या जोडावर तेलाचा ताजा ओघळ आहे का, हे पाहायला काही मिनिटं पुरतात. मग टर्बोच्या तोंडाचा पाईप काढून शाफ्ट हलवून बघायचा. बाजूला किंचित हलला तर चालतं. आत-बाहेर सरकत असेल किंवा पाती घराला घासत असतील, तरच टर्बोवर बोट ठेवायचं. हे न करता टर्बोचं एस्टिमेट देणाऱ्याकडून गाडी तशीच बाहेर काढा. स्कॅनिंगचे पैसे मात्र खुशीने द्या, आणि कोड पुसण्याआधी त्याचा फोटो मागा.

सोलापुरात सर्वात जास्त पैसा वाया जातो तो एसीवर. मार्च ते जून ‘गॅस भरून देतो’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. पण एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकेलच असं नाही. चांगलं एसी गॅरेज आधी नायट्रोजनचा दाब देऊन जोड, व्हॉल्व्ह आणि कंडेन्सर (रेडिएटरसमोरची एसीची जाळी) तपासतं. मग निदान अर्धा तास व्हॅक्यूम ओढतं, पंप बंद करून काटा जागेवर राहतो का ते बघतं, आणि गॅस वजनावर भरतं. लहान गाड्यांत साधारण ४०० ते ५०० ग्रॅम बसतो. नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. अंदाजाने जास्त भरला तर थंडावा उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

गाडी चालू असताना गार होतं आणि सिग्नलला उभी राहिली की गरम हवा येते, असं असेल तर गॅस भरायचं राहू द्या. आधी रेडिएटरचा फॅन, त्याचा रिले आणि कंडेन्सरच्या जाळीत बसलेली धूळ बघा. ‘कूलिंग कॉइल लीक आहे’ असं कुणी सांगितलं तर पुरावा मागाच. बऱ्याच गाड्यांत ती बदलायला डॅशबोर्ड उतरवावा लागतो. लेबर मोठं, आणि क्लिपा तुटल्या की डॅशबोर्ड कायमचा खडखडतो. कॉम्प्रेसर आतून जाम होऊन गेला असेल तर मात्र काटकसर करू नका. धातूची भुकटी सगळ्या पाइपांत पसरलेली असते. लाइन फ्लश न करता (पाइप आतून न धुता) आणि कंडेन्सर, ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह न बदलता नवा कॉम्प्रेसर बसवला, तर तोही जातो.

गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणारे मिस्त्री अजून भेटतात. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. काढला तर इंजिन गरजेपेक्षा थंड राहतं, इंधन जास्त पितं, आणि खरं दुखणं तसंच राहतं. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतणं तर आणखी वाईट. त्यातल्या क्षारांचा थर बारीक नळ्यांत बसतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, किंवा तयार मिश्रण, एवढंच वापरा.

क्लच, ब्रेक, सस्पेन्शन, अल्टरनेटर आणि स्टार्टर या कामांसाठी बाहेरचं जाणतं गॅरेज सरस ठरतं. लेबर कमी आणि मिस्त्री समोर असतो. क्लचमध्ये प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला. फ्लायव्हीलवर चरे असतील तर ते दुरुस्त होईल की बदलावं लागेल हे आधीच विचारा. गिअरबॉक्स खाली आहे तोवर क्रँकचं मागचं ऑइल सीलही तपासून घ्या; नंतर त्या एका सीलसाठी पुन्हा तेवढंच लेबर पडतं. एएमटी (क्लच-गिअर आपोआप चालवणारी) गाडी असेल तर क्लच बसल्यावर स्कॅनरने लर्निंग करावं लागतं, म्हणजे नव्या क्लचची ओळख गाडीच्या कॉम्प्युटरला करून द्यावी लागते, आणि ते न करता दिलेली गाडी झटके मारते. अशा गाड्या, तसंच डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), एअरबॅग, एबीएस आणि चावीचं इमोबिलायझर यांसाठी कंपनीचं वर्कशॉपच बरं. तिथे जॉब कार्डवर सही करताना इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग असल्या जादा ओळी खोडून घ्या. सर्व्हिस शेड्यूलमध्ये नसेल ते सक्तीचं नसतं. गाडीच्या चासी नंबरवर रिकॉल (सदोष भागासाठी कंपनीने गाड्या परत बोलावणं) निघालंय का तेही विचारा. ते काम सहसा वॉरंटीनंतरही फुकट होतं. वॉरंटी नुकतीच संपली असेल आणि सगळ्या सर्व्हिसच्या नोंदी असतील, तर ‘गुडविल’ म्हणून खर्चाचा वाटा उचलण्याची लेखी विनंती करा.

सुट्या भागांत ज्या पुरवठादाराने कंपनीला माल दिलाय त्याच्याच पाकिटातला भाग घेतला तरी चालतो: क्लचला व्हॅलिओ किंवा लुक, शॉकअपला गॅब्रिएल. बिलावर भाग क्रमांक हवाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. आधी बऱ्याच भागांवर २८ होता. जुन्या छापील किमतीच्या पाकिटावर हा फरक वळता झालाय का ते बघा.

वाढीव वॉरंटीबद्दल स्पष्ट मत असं: साध्या मॅन्युअल पेट्रोल गाडीला तिची फारशी गरज नाही. ऑटोमॅटिक, टर्बो किंवा बीएस-६ डिझेल असेल तर जरूर घ्या, आणि मूळ वॉरंटी चालू असतानाच घ्या. मारुतीने जुलै २०२४ पासून मूळ वॉरंटीच ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली, तेव्हा आधी आपली तारीख बघा. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बॅटरी, रबरी बुश अशा झिजणाऱ्या वस्तू सहसा वाढीव वॉरंटीत येत नाहीत. बाहेरून वायर कापून बसवलेला हॉर्न किंवा स्टिरिओ असेल तर इलेक्ट्रिकल दावा फेटाळला जाऊ शकतो.

गाडी ताब्यात घेताना काढलेला जुना भाग मागा आणि डिकीत ठेवून घ्या. वाद झालाच तर आधी वर्कशॉप मॅनेजरला लेखी द्या, मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. तेवढ्याने भागलं नाही तर २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. कामासाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी पडत नाही. जॉब कार्ड, कोडचा फोटो, बिल आणि तो जुना भाग सोबत ठेवा.