फोटो मधेच दाबले जातात: हेडर, एचटीटीपीएस की व्हीपीएन?

तुमच्या साइटवरचे फोटो वायफायवर लख्ख आणि मोबाईल डेटावर धूसर दिसतात? मग फोटोची थेट लिंक दोन्हीकडे उघडा, सेव्ह करा आणि फाइलचा आकार पाहा. डेटावरची फाइल लहान निघाली, तर मोबाईल कंपनीचा प्रॉक्सी (मधला सर्व्हर) फोटो वाटेत दाबून, म्हणजे फाइल लहान करून, जेपेगची क्वालिटी उतरवतोय, असं समजायला हरकत नाही. थ्रीजीच्या काळात ब्रिटनमधली काही नेटवर्कं तर पानात स्वतःची जावास्क्रिप्टही घुसवत. फोटोवर माऊस नेला की ‘शिफ्ट+आर दाबा, चित्र सुधारेल’ अशी सूचना यायची. आधी बिघडवायचं आणि वर दुरुस्तीही आपणच सुचवायची!

साइट तुमची असेल तर पर्याय दोन. पहिला ‘कॅश-कंट्रोल: नो-ट्रान्सफॉर्म’ हा हेडर, म्हणजे फाइलसोबत सर्व्हर पाठवतो ती ‘वाटेत बदल करू नका’ अशी सूचना. 1999 च्या एचटीटीपी 1.1 मानकात तो आहे, फुकट आहे, अपाचे या वेब सर्व्हरवर एका ओळीत लागतो. फक्त ‘हेडर सेट’ लिहिलंत तर आधीचं मॅक्स-एज (फाइल किती वेळ साठवायची ते) पुसलं जातं, म्हणून दोन्ही सूचना मध्ये स्वल्पविराम देऊन एकत्र लिहा. खरी अडचण वेगळी आहे: ही नुसती विनंती आहे. प्रॉक्सीने ती मानली नाही तर तुम्ही काही करू शकत नाही. शिवाय तुम्हीच साइटपुढे बसवलेली क्लाउडफ्लेअरसारखी सेवाही हा हेडर पाहून कॉम्प्रेशन थांबवते.

दुसरा एचटीटीपीएस, म्हणजे साइट आणि वाचक यांच्यातली देवाणघेवाण कुलूपबंद करणारी पद्धत. इथे विनंतीचा प्रश्नच नाही. कंपनीला साइटचं नाव दिसतं, फोटो दिसत नाही, मग दाबणार काय? लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेमुळे 2015 च्या अखेरीपासून त्यासाठी लागणाऱ्या सर्टिफिकेटला पैसेही लागत नाहीत. फोटोंच्या जुन्या एचटीटीपी लिंक मात्र बदलून घ्या, नाहीतर जुन्या ब्राउझरमध्ये ते फोटो कुलपाविनाच येतात, भोक तसंच राहतं. माझं मत सरळ आहे: आधी एचटीटीपीएस, हेडर नंतर सवडीने.

तुम्ही नुसते वाचक असाल आणि साइट अजून एचटीटीपीवरच असेल, तर व्हीपीएन (तुमचा डेटा कुलूपबंद करून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारा) काम करतो, पण मग भरवसा मोबाईल कंपनीऐवजी व्हीपीएनवाल्यावर टाकावा लागतो. एका फोटोगॅलरीसाठी मी तो घेणार नाही.

ऑपेरा मिनी हा ब्राउझर वापरत असाल तर आधी त्याची डेटा बचत बंद करा. त्या बचतीच्या एक्स्ट्रीम मोडमध्ये पानं ऑपेराच्या सर्व्हरवरून दाबून येतात, तिथे एचटीटीपीएसही आड येत नाही. आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला असेल तर यातलं काहीच लागू नाही. तिथे अ‍ॅपच फोटो दाबतं. पाठवणाऱ्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.