शेल्टरबॉक्सला देणगी द्यावी का? हिरवी पेटी उघडून पाहिली तर

शेल्टरबॉक्स ही आपत्तीत घर गमावलेल्यांना तात्पुरता निवारा देणारी ब्रिटिश संस्था. कॉर्नवॉलमधल्या हेल्स्टनच्या रोटरी क्लबच्या पाठबळावर २००० साली ती उभी राहिली आणि तिच्या पहिल्या १४३ पेट्या २००१च्या भूकंपानंतर गुजरातेत पोचल्या. पुढे रोटरी इंटरनॅशनलशी अधिकृत भागीदारी झाली, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच रोटेरियन मंडळींना ती हिरवी पेटी ओळखीची आहे. जाहिरातीतही तीच पुढे असते. आमच्या मते तिच्यापेक्षा संस्थेचा साधा ताडपत्री-संच जास्त कामाचा आहे.

आधी पेटी. त्यात एका कुटुंबाला पुरेल असा तंबू, ब्लँकेटं, जमिनीवर अंथरायला चटया, पाण्याचे घडीचे कॅन आणि फिल्टर, सौर दिवे, स्वयंपाकाची भांडी, मच्छरदाण्या असं सामान येतं. यादी ठरीव नाही. थंड मुलखात ब्लँकेटं वाढतात, दमट मुलखात मच्छरदाण्या. सामान चांगल्या प्रतीचं असतं, त्यात खोट काढण्यासारखं फारसं काही नाही.

अडचण तंबूची आहे, आणि ती कुठल्याही संस्थेच्या तंबूची आहे. तंबूच्या तळापेक्षा त्याच्या ताणदोऱ्यांना जास्त जागा लागते, तीही सपाट. डोंगरउतारावरच्या गावात किंवा दाट वस्तीत ती मिळत नाही. खडकाळ जमिनीत खुंट्या शिरत नाहीत, भुसभुशीत जमिनीत धरत नाहीत. मग दोऱ्यांना वाळूची पोती बांधावी लागतात. शिवाय लोक आपल्या पडक्या घरापासून हलायला तयार नसतात. ढिगाऱ्याखाली भांडीकुंडी असतात, गोठ्यात जनावर असतं, जागेवरचा हक्क जाण्याची भीती असते. कायम उन्हात उभं राहिलेलं कापड विरत जातं ते वेगळंच, आणि घर बांधायला काढल्यावर त्या तंबूचा काही उपयोग उरत नाही.

संच इथे उजवा ठरतो. रेड क्रॉसने ठरवलेला प्रमाण संच असा: ४ बाय ६ मीटरच्या दोन ताडपत्र्या, ३० मीटर दोर, करवत, फावडं, कुदळ, कोयता, पत्रा कापायची कातरी, हातोडा, लाकडाचे आणि छपराचे खिळे, बांधणीची तार. शेल्टरबॉक्सचे संच याच धर्तीचे, देशागणिक थोडे बदललेले. ताडपत्री बाजारातली निळी नव्हे. आत विणलेलं जाड प्लॅस्टिक, दोन्ही बाजूंनी लेप, वजन चौरस मीटरला सुमारे २०० ग्रॅम, म्हणजे एक ताडपत्री पाचेक किलोची. उन्हाला ती बाजारच्या ताडपत्रीपेक्षा बरीच जास्त टिकते.

दोनच का? स्फिअर या मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे माणशी किमान ३.५ चौरस मीटर छत लागतं, पाच जणांना १७.५. एक ताडपत्री २४ चौरस मीटर भरते, पण पाणी साचू नये म्हणून तीस अंशांचा उतार दिला की खाली साधारण २१ उरतात. क्षेत्रफळ पुरलं, पण कडा जमिनीला टेकवल्या तर आढ्याची उंची एका मीटरवर येते, म्हणजे आत रांगायचं. छत उचललं की भिंती उघड्या पडतात. दुसरी ताडपत्री त्या भिंतींसाठी.

फसतं ते बांधणीत. खिळा थेट ताडपत्रीतून ठोकला की वाऱ्याच्या पहिल्या झोतात भोक फाटत जातं. खिळ्याखाली सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं बूच ठेवावं, किंवा वरून लाकडी पट्टी दाबून मग ठोकावं. कडेची रिंग निसटली तर कोपऱ्यात गोटा गुंडाळून त्याच्या मानेला दोर बांधायचा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ताण: फडफडणारी ताडपत्री उन्हाने मरायच्या आधी वाऱ्याने मरते. म्हणून संचाबरोबर प्रात्यक्षिक दिलं नाही तर अर्धी किंमत वाया गेली समजा. शेल्टरबॉक्स स्थानिक संस्थांना हाताशी धरून हे शिकवते. तिला गुण द्यायचे तर आधी याचे द्यावेत.

आता पैसे. पेटीसाठी संस्था बरीच वर्षं ५९० पौंडांचा आकडा सांगत होती. त्याकडे एका वस्तूची किंमत म्हणून पाहू नका. एखाद्या कुटुंबाला तंबू लागतो, दुसऱ्याला नुसता संच, आणि मोठा खर्च वाहतुकीत जातो. २०१५च्या भूकंपानंतर काठमांडूची एकुलती धावपट्टी इतकी ताणली गेली की मे महिन्यात मोठ्या विमानांना बंदी घालावी लागली, आणि मदतीचं सामान जकातीतही अडकलं. जूनचा पाऊस तोंडावर होता आणि लोकांना छपराचे पत्रे हवे होते. असं होऊ नये म्हणून सामान आधीच दुबई, पनामासारख्या ठिकाणच्या गोदामांत भरून ठेवावं लागतं. तो साठा बातमीनंतरच्या देणगीतून वेळेत उभा राहत नाही. तेव्हा ‘अमुक भूकंपासाठी’ असं न लिहिता विनाअट, दरमहा थोडी रक्कम दिलेली बरी.

ब्रिटनमध्ये कर भरत असाल तर देणगीच्या अर्जावर गिफ्ट एडच्या (देणगीवर भरलेला कर सरकारकडून संस्थेला मिळवून देणाऱ्या सवलतीच्या) चौकटीत खूण करा. १०० पौंडांचे संस्थेला १२५ मिळतात. तुम्ही भरलेला कर मात्र तेवढा हवा, नाहीतर फरक तुमच्याकडून वसूल होतो. अमेरिकेत शेल्टरबॉक्स यूएसए ही वेगळी नोंदणीकृत संस्था आहे. तिला देऊन आपण नोकरी करतो त्या कंपनीकडून तेवढीच जोड रक्कम मिळते का ते विचारा. भारतात राहून थेट परदेशी संस्थेला दिलं तर आयकरातली ८०जीची सवलत नाही. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली (परदेशी पैसे पाठवण्याच्या सोयीखाली) बँकेतून पाठवता येतं, पण दोन-पाच हजारांसाठी बँकेचं शुल्कच जाचक होतं. तेवढी रक्कम ब्रिटनमधल्या करदात्या नातेवाइकाला त्याच्या स्वतःच्या नावाने भरायला सांगून गिफ्ट एड घेऊ नका. ती सवलत ज्याचे पैसे त्याच्यासाठीच आहे.