खरेदीखतात "पूर्वेस रस्ता" आहे, जमिनीवर नाही. शेतजमीन घेणाऱ्यांनी जरूर वाचा

शेतजमीन घ्यायच्या विचारात असाल तर हे पूर्ण वाचा, लांबलंय थोडं. आम्हाला ज्या पद्धतीने फसवलं त्यात एकही कागद बनावट नव्हता. सातबारा खरा, विकणाऱ्याचं नाव त्यावर खरं, खरेदीखत रीतसर नोंदवलेलं, स्टॅम्प ड्युटी भरलेली. तरी आज आमच्याच रानात आम्हाला ट्रॅक्टर नेता येत नाही आणि वर कोर्टाचा मनाई हुकूम आहे तो वेगळाच.

जमीन दाखवली उन्हाळ्यात. शेजारचं पीक निघालेलं, सगळं रान मोकळं, एजंटने गाडी सरळ आत घातली आणि म्हणाला हा बघा रस्ता, पिढ्यानपिढ्याची वहिवाट आहे. चाकोऱ्या पण दिसत होत्या. मग पाऊस पडला, शेजाऱ्याने पेरणी केली आणि त्या "रस्त्यावर" सोयाबीन उगवलं! त्याला विचारलं तर म्हणे काढणी झाली की लोक गाड्या घालतात, मी अडवत नाही, म्हणून काय हक्क झाला का तुमचा. खरं सांगायचं तर माणूस चुकीचं काही बोलत नव्हता.

आता खरेदीखतात चतुःसीमेत, म्हणजे जमिनीच्या चारही बाजूंना काय आहे त्या वर्णनात, स्वच्छ लिहिलंय, पूर्वेस रस्ता. पण चतुःसीमा लिहिणारे कोण, तर विकणारा आणि त्याचा एजंट. दोघांनी मिळून तिसऱ्याच्या रानातून रस्ता कागदावर काढला म्हणून तो तिसऱ्यावर बंधनकारक होत नाही, आणि सब रजिस्ट्रार दस्त नोंदवतो, रस्ता आहे का नाही बघायला तो शेतात येत नाही. भूमी अभिलेखमधून गाव नकाशा काढला तर आमच्या गटाच्या पूर्वेला गाडीवाट सोडा, पाऊलवाटेची तुटक रेघ पण नाही. खरा रस्ता गटाच्या पश्चिमेला, आणि तो भाग विकणाऱ्याच्या भावाकडे.

इथेच टायटलची, म्हणजे मालकी हक्काची, भानगड सुरू होते. सातबारावर तीन भाऊ, प्रत्येकाच्या नावापुढे क्षेत्र लिहिलेलं, त्यामुळे वाटतं की वाटणी झालेली आहे. झालेली नव्हती. सातबारा सांगतो कुणाचं किती, कुठे ते सांगत नाही, ते पोटहिस्सा मोजणी, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याची जागेवर मोजणी, झालेली असेल तरच कळतं. एकत्र गटातला एक भाऊ विकतो तेव्हा तो विकतो आपला अविभक्त हिस्सा, बोट दाखवून दिलेला तुकडा नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 44 हेच सांगतं. म्हणजे रस्त्याकडचा भाग भावांनी आपसात ठेवला आणि मागचा बिनरस्त्याचा आमच्या गळ्यात घातला, आणि कायद्याने तो तरी नक्की आमचा आहे का, तर वाटप होईपर्यंत तेही नाही. मोजणी करायचं म्हटलं तर एजंट आधी म्हणायचा खरेदीनंतर करू, आणि खरेदीनंतर कळलं की पोटहिस्सा मोजायला बाकीच्या सहधारकांची संमती लागते. ते कशाला देतायत.

मग बहीण उभी राहिली. वडील वारले तेव्हा वारस नोंद फक्त मुलांची झाली, जुन्या फेरफारात नुसतं लिहिलंय की मुली लग्न होऊन सासरी गेल्या, हक्क सांगत नाहीत. नोंदणीकृत हक्कसोड पत्र नाही. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क जन्मापासूनचा, सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये ते पक्कं केलंय, आणि तलाठ्याच्या नोंदीतल्या एका ओळीने तो जात नाही. तिने वाटपाचा दावा लावला, आम्हालाही पार्टी केलं. एजंटनेच आणून दिलेला 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट होता की आमच्याकडे, एकदम क्लीन! पण सर्चमध्ये दिसतात नोंदवलेले दस्त. वारसाचा हक्क, तोंडी वाटणी, घरातली भांडणं त्यात दिसत नाहीत. त्यासाठी जुने फेरफार एकेक करून मागे वाचत जावं लागतं. पेपरात जाहीर नोटीस द्यायचा विषय निघाला तर एजंट म्हणाला कशाला, भाऊबंद उगाच जागे होतील. त्या वाक्याचा अर्थ नंतर लागला.

सगळ्यात मोठी चलाखी पुढे आहे. रस्ता बंद झाल्यावर आम्ही तहसीलला अर्ज करणार होतो, तर एजंट आणि विकणारा दोघं घरी आले, अण्णा थांबा, गावातला विषय आहे, बसून मिटवू. तारखा देत राहिले, आज शेजारी बाहेरगावी, उद्या सरपंचांना घेऊन बसू. नंतर वकिलाने सांगितलं की असलेला रस्ता अडवला तर मामलतदार कोर्ट कायद्याच्या कलम 5 खाली 6 महिन्यांत जायचं असतं, ती मुदत यांच्या चहापाण्यात गेली. (तसाही रस्ता पूर्वापार होता हे सिद्ध करणं अवघडच होतं, पण मुदतच गेल्यावर ते बोलायलाही जागा उरली नाही.) आता महसूल कायद्याच्या कलम 143 खाली बांधावरून नवीन रस्ता मागितलाय. त्यात तहसीलदार जवळचा, कमी नुकसानीचा मार्ग बघतात, आणि शेजारी म्हणतो यांचा रस्ता यांच्याच गटातून पश्चिमेने निघतो, भावांकडे मागा. मुद्दा बिनतोड आहे. निकाल आमच्या बाजूने लागला तरी तो वर्षभरात दिवाणी दावा लावू शकतो.

पोलिसांत गेलो, उत्तर ठरलेलं, दिवाणी वाद आहे. खरेदीखतात खोटी चतुःसीमा लिहिली याची फौजदारी तक्रार वकील तयार करतायत, बघू.

दरम्यान तोच एजंट त्याच गटातला दुसऱ्या भावाचा हिस्सा "रोड टच, क्लिअर टायटल" म्हणून दाखवत फिरतोय असं कळलं, म्हणून हे लिहायला घेतलं. तुम्हाला असा एकत्र गटातला तुकडा कुणी दाखवला तर विसार द्यायच्या आधी त्याच्याकडे तीन गोष्टी मागा, गाव नकाशा, पोटहिस्सा मोजणीची क प्रत (मोजणीनंतर मिळणारा हद्दींचा नकाशा) आणि बहिणींचं नोंदवलेलं हक्कसोड. आमच्या एजंटकडे तिन्हीपैकी एकही नाही, हे खात्रीने सांगतो.