पंख हलते ठेवावेत की रंग राखावा? १/४८ प्रमाणातील एफ-१४ टॉमकॅट, नऊ महिन्यांनंतर

१९८६ च्या ‘टॉप गन’ या चित्रपटातील एफ-१४ए टॉमकॅट या अमेरिकी नौदलाच्या लढाऊ विमानाचे १/४८ प्रमाणातील मॉडेल मी जोडायला घेतले, त्याला आता नऊ महिने झाले. त्यांपैकी साडेतीन महिने जोडणीत आणि रंगकामात गेले. उरलेले साडेपाच महिने ते फळीवर उभे आहे, अनेकांच्या हातांत जाऊन आले आहे आणि एकदा दुरुस्तही झाले आहे. खोके उघडताच लिहिलेल्या परीक्षणांत सुट्या भागांची संख्या आणि डेकलची (मॉडेलवर चिकटवायच्या छापील चिन्हांची) छपाई यांविषयी बरेच काही वाचायला मिळते. परंतु किटचे खरे गुणदोष रंग चढल्यानंतर, आणि काही तर त्या रंगावर धूळ बसू लागल्यानंतरच कळतात, म्हणून मी मुद्दाम इतके दिवस थांबलो.

हे किट निवडण्यामागे माझे कारण एकच होते: त्याचे पंख हलतात. खऱ्या टॉमकॅटचे पंख उड्डाणात २० अंशांपासून ६८ अंशांपर्यंत मागे वळत आणि एरवी हा कोन वेगानुसार विमानातील संगणकच ठरवत असे. विमानवाहू नौकेवर जागा वाचावी म्हणून ते ७५ अंशांपर्यंत, म्हणजे शेपटीच्या आडव्या पृष्ठांवर येतील इतके, मागे नेता येत. १/४८ च्या हिशेबात पूर्ण पसरलेल्या पंखांची रुंदी सुमारे ४०.७ सेंटीमीटर भरते आणि ६८ अंशांवर ती सुमारे २४.३ सेंटीमीटर होते. किटमध्ये दोन्ही पंखांच्या मुळाशी दातेरी चकत्या आहेत आणि त्या एकमेकींत अडकत असल्यामुळे एक पंख ढकलला की दुसराही तितकाच वळतो. डिंक न लावता केलेल्या पहिल्या जुळवणीत ही यंत्रणा इतकी सुरेख चालली की, त्या संध्याकाळी मी दुसरे काहीही केले नाही.

जोडणीचा सर्वांत कठीण भाग मात्र पंखांत नसून हवा आत घेणाऱ्या दोन लांब बोगद्यांत आहे. ते प्रत्येकी दोन अर्ध्या भागांतून बनतात, आतल्या बाजूला साच्यातील खिळ्यांच्या गोल खुणा आहेत, आणि सांधा अशा ठिकाणी येतो की जोडल्यानंतर बोट आत पोहोचत नाही, पण नजर मात्र थेट तेथेच जाते. जोडण्यापूर्वी मी खुणांवर पुट्टी भरून त्या घासल्या, जोडल्यानंतर पातळ केलेला पांढरा रंग बोगद्यात ओतला, तो सर्व बाजूंनी फिरवून उरलेला बाहेर काढला आणि दोन दिवसांनी हेच पुन्हा केले. सांधा पूर्ण गेला नाही. त्याची एक पुसट रेघ उरली आहे आणि विजेरी धरल्याशिवाय ती दिसत नाही.

दुसरी अडचण नाकाची. कॉकपिटसह पुढचा भाग वेगळा बनवून तो मागच्या धडाला जोडायचा आहे आणि त्या सांध्यावर माझ्या किटमध्ये जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरची पायरी येत होती. १/४८ मध्ये अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर अडीच सेंटीमीटरच्या आसपास, त्यामुळे ती डोळ्यांआड करणे शक्य नव्हते. मी आतून प्लास्टिकच्या पातळ पट्ट्यांचा टेकू देऊन कडा बाहेर ढकलल्या, तरी पुट्टी लागलीच. घासताना बुजलेल्या पॅनल रेषा, म्हणजे पत्र्यांमधील सांध्यांच्या रेघा, जाड चिकटपट्टीच्या आधाराने पुन्हा कोराव्या लागल्या, आणि तीन वेळा हात सरकून नको तेथे ओरखडा गेला. कॉकपिटबद्दल तक्रार नाही. मार्टिन-बेकर कंपनीच्या आसनांचे पट्टे साच्यातच आले आहेत आणि कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचे पारदर्शक झाकण, बंद ठेवणाऱ्याला ते पुरेसे आहेत. मी ती उघडी ठेवणार होतो, म्हणून वेगळे कोरीव पितळी पट्टे लावले.

कॅनोपीच्या बाबतीत चूक माझीच. बाहेरून फुगीर आणि खाली किंचित आत वळणारा असा तिचा आकार आहे, त्यामुळे तिच्या मध्यरेषेवर साच्याची शीर राहते. ती मी क्रमाक्रमाने बारीक होत जाणाऱ्या कागदांनी घासून आणि पॉलिश करून काच पूर्ववत स्वच्छ केली. एवढे सारे करून झाल्यावर आतला एक छोटा आरसा घाईने सुपरग्लूने चिकटवला, तेव्हा त्याच्या वाफेने पुढच्या काचेवर पांढुरके धुके बसले. पुन्हा तीच घासाघीस, तेच पॉलिश. पारदर्शक भागांसाठी पांढरा डिंकच वापरावा हे मला वीस वर्षांपासून माहीत आहे.

रंगाच्या बाबतीत किट चित्रपटाला कितपत न्याय देते, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. चित्रीकरण १९८५ मध्ये झाले. त्यासाठी यूएसएस एंटरप्राइज ही विमानवाहू नौका, सॅन डिएगोजवळचा मिरामार येथील नौदलाचा तळ आणि नौदलाची सेवेतील विमाने वापरण्यात आली. परिणामी पडद्यावर नायकाचे म्हणून जे विमान दिसते, ते खरे तर निरनिराळ्या विमानांची दृश्ये एकत्र जोडून तयार झालेले विमान आहे. खोक्यातील डेकलवर कॅनोपीखालची ‘मॅव्हरिक’ आणि ‘गूस’ ही नायकाची व त्याच्या साथीदाराची टोपणनावे आणि काल्पनिक तुकडीची चिन्हे व्यवस्थित दिलेली आहेत, पण संपूर्ण चित्रपटाशी जुळेल असे एकच विमान बनवता येणार नाही, कारण तसे एक विमान नव्हतेच. ज्याला अचूकतेचा ध्यास आहे त्याने एक दृश्य निवडावे, ते थांबवून पाहावे आणि तेवढ्याशीच प्रामाणिक राहावे. (शत्रूची काळी ‘मिग-२८’ विमानेही तशीच काल्पनिक, ती प्रत्यक्षात काळ्या रंगातील एफ-५ विमाने होती, त्यामुळे जोडीला ठेवण्यासाठी दुसरे मॉडेल निवडणे सोपे जाते.)

मी मिरामारच्या धावपट्टीजवळचे, मावळतीच्या उन्हातले टॉमकॅट मनात धरले. किटची मार्गदर्शिका दोन सपाट राखाडी छटा सांगते. तेवढ्यावर थांबलो असतो तर विमान नुकतेच कारखान्यातून आल्यासारखे दिसले असते. समुद्रावर वावरणाऱ्या विमानांना खारट हवेमुळे गंज धरतो. तो घासून त्या जागी रंगाचे लहान लहान ठिपके दिले जातात आणि त्यांची छटा मूळ रंगाशी क्वचितच जुळते. त्यामुळे मी एअरब्रशने तीन किंचित वेगळ्या राखाडी छटांचे अनियमित डाग दिले, त्यांवर तेलरंगाचा पातळ वॉश फिरवला आणि पायऱ्यांजवळ व धडाच्या वरच्या बाजूला बुटांचे मळके ठसे उमटवले. पाहणाऱ्यांना मॉडेल चित्रपटातले वाटते ते या मळामुळेच. नायकाचे नाव त्यांना नंतर, जवळ गेल्यावर दिसते.

आता गेल्या साडेपाच महिन्यांविषयी. डेकल बहुतांशी उत्तम टिकले आहेत. चकचकीत क्लिअर कोटवर (पारदर्शक थरावर), मऊ करणाऱ्या द्रावणासह लावलेल्यांपैकी एकही उचलला गेला नाही. मात्र उजव्या शेपटीवरचा एक डेकल मी कोट कमी पडलेल्या जागी लावला होता, तेथे महिन्याभरात अडकलेल्या हवेची चंदेरी झाक दिसू लागली. सुईने टोचून, द्रावण सोडून ती निम्मी घालवता आली. नाकाखालचा चाकाचा दांडा वजनाने किंचित डावीकडे झुकला आहे. प्लास्टिकचा दांडा आणि इतके मोठे मॉडेल यांचे फार काळ जमणार नाही, हे मला आधीच उमगायला हवे होते, आणि पुढच्या खेपेस मी सुरुवातीलाच धातूचा दांडा बसवीन.

आणि पंख. पाहायला आलेल्या प्रत्येकाने ते हलवून पाहिले, आणि खरे सांगायचे तर मीही त्यांना तसे सुचवले. सहाव्या आठवड्यात पंखांच्या मुळाजवळ, धडाच्या आवरणाखाली सरकणाऱ्या भागावर, कमानीच्या आकाराचे ओरखडे दिसू लागले. दहाव्या आठवड्यात त्यांतून उघडे प्लास्टिक डोकावत होते. यातील गंमत अशी की खऱ्या टॉमकॅटच्या पंखांवरही नेमके तेथेच असे पट्टे उमटत, कारण पंख आणि धड यांमधील फट बंद ठेवण्यासाठी तेथे हवेने फुगणाऱ्या पिशव्या बसवलेल्या होत्या आणि पंख त्यांना घासून जात. मी काही दिवस या योगायोगावर समाधान मानून पाहिले. पण खऱ्या विमानावरचे ते पट्टे मळकट आणि मऊ कडांचे असत, माझ्या पंखांवर मात्र नखाने खरवडल्यासारख्या रेघा होत्या. शिवाय दातेरी चकत्या झिजून सैल झाल्याने डावा पंख टोकाशी दोन मिलिमीटर खाली लोंबू लागला.

ओरखड्यांच्या जागी पुन्हा रंग देऊन पंख हलते ठेवले असते, तर दोन महिन्यांनी तेच झाले असते. तेव्हा मी पंख पूर्ण मागे, ६८ अंशांवर नेले आणि आतून प्लास्टिक जोडणाऱ्या सिमेंटचे दोन थेंब सोडून कायमचे बसवले. त्या स्थितीत खराब झालेला जवळजवळ सगळा भाग आवरणाखाली जातो, आणि जमिनीवर चाके टाकून उभ्या असलेल्या टॉमकॅटचे पंख असे मागे असणे तळावरच्या दृश्याला शोभतेही. हे किट घेणाऱ्याने पंखांची यंत्रणा जुळवणीच्या वेळी मनसोक्त चालवून पाहावी, आणि प्रायमर देण्यापूर्वीच कोन ठरवून पंख चिकटवावेत. फ्लॅप्स, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेचे खाली वळणारे भाग, उतरवलेले दाखवायचे असतील तर तो कोन २० अंशच हवा, कारण फ्लॅप्स खाली असताना पंख मागे जात नसत. बाकी बोगदे आणि नाकाचा सांधा यांसाठी पुरेसा वेळ हाताशी असेल, तर हे किट मी निःसंकोच सुचवीन.

धूळ बसू नये म्हणून सुरुवातीलाच आणलेली ३० सेंटीमीटर रुंदीची पारदर्शक पेटी पंख पसरलेले असताना निरुपयोगी ठरली होती. आता मॉडेल तिच्यात नीट बसते आणि कोणाला पंख हलवून पाहता येत नाहीत.