फक्त 23 हजार मैल चाललेली 1984 ची जॅग्वार एक्सजे-एस, बघून आणि चालवून आलो

पुण्याहून इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला आल्यापासून डोक्यात एकच गाडी होती, एक्सजे-एस व्ही12. आपल्याकडे जॅग्वार म्हटलं की लोकांना टाटा आठवतात, पण ते 2008 चं, ही त्याच्या खूप आधीची, इथेच ब्राउन्स लेनच्या फॅक्टरीत बनलेली. गेल्या शनिवारी तासाभरावरच्या एका डीलरकडे एक एचई (सुधारित इंजिनवाली) कूपे, म्हणजे दोन दारांची, बघितली, 23 हजार मैल, दोनच मालक, मागतायत 22 हजार पौंड.

फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं की इंजिन गरम करून ठेवू नका. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे बॉनेटवर हात, गारच होतं, तिथेच माणूस बरा वाटला.

दिसायला काय सांगू! लांबलचक बॉनेट, मागच्या काचेच्या दोन्ही बाजूंनी उतरत गेलेले ते दोन पंख, 1975 मध्ये जॅग्वारच्याच ई-टाइप या स्पोर्ट्स कारच्या जागी ही आली तेव्हा लोकांनी याच पंखांवरून नाकं मुरडली होती, मला मात्र गाडीचा सगळा रुबाब तिथेच दिसतो. आत एल्म लाकडाच्या पट्ट्या, मऊ लेदर, आणि तेल-पाण्याचे छोटे मीटर नेहमीसारखे गोल नाहीत, उभ्या पट्टीत फिरणारे ड्रम आहेत. मागची सीट लहान मुलांपुरतीच.

चावी फिरवली आणि 5.3 लिटरचं इंजिन सुरू झालं हे आधी आरपीएमच्या काट्यावरून कळलं, मग आवाजावरून. 12 सिलिंडर, व्हायब्रेशन जवळपास नाहीच. एचई म्हणजे 1981 नंतरचं मॉडेल, मायकेल मे या स्विस इंजिनिअरने डिझाइन केलेलं सिलिंडर हेड, 12.5 चा कॉम्प्रेशन रेशो, त्यामुळे आधीच्यापेक्षा पेट्रोल कमी पितं, तरी लिटरला 5-6 किलोमीटरच धरा. गिअरबॉक्स जनरल मोटर्सचा तीन स्पीड ऑटोमॅटिक. दुपदरी हायवेवर ताशी 70 मैलांना गाडी इतकी शांत की ताशी 150 मैलांच्या आसपास जाऊ शकते यावर विश्वास बसतो. याच 1984 साली टॉम वॉकिन्शॉ या रेसरने रेसिंगच्या एक्सजे-एसमधून युरोपियन टूरिंग कार चॅम्पियनशिप जिंकली होती.

आता मुद्द्याचं. एमओटीचे, म्हणजे इथल्या वार्षिक गाडी-तपासणीचे, जुने रेकॉर्ड सरकारी साइटवर फुकट दिसतात, नंबर टाकला तर कळलं की मैल खरेच आहेत पण मधल्या दहा वर्षांत गाडी दोनशे मैलसुद्धा चाललेली नाही. टायरवरचा चार आकडी कोड 2311, म्हणजे 2011 च्या तेविसाव्या आठवड्यातले, नक्षी नव्यासारखी आणि कडेला बारीक भेगा. पैसे मैलांचे मागतायत पण बिघाड झालाय तो उभं राहून राहून, आणि या इंजिनला उभं राहणं अजिबात सोसत नाही. ब्लॉक आणि हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे, कूलंट वेळेवर बदललं नाही की आतून झिजतं, तो गाळ रेडिएटरच्या खालच्या भागात बसतो आणि इंजिन तापायला लागतं, व्ही12 एकदा नीट तापलं की खर्चाला अंत नाही. फाइलमध्ये कूलंट बदलल्याचं शेवटचं बिल 2012 चं. सिलिंडरच्या दोन रांगांमध्ये, ऐन उष्णतेत, पेट्रोलचे रबरी पाइप असतात, ते कडक झालेले हाताला लागले. हे आधी बदलायचेच, इथे पेट्रोल गळलं तर आग लागू शकते.

मागचे ब्रेक चाकांजवळ नसून आत डिफरन्शियलला (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याला) चिकटून आहेत, त्याचं सील गेलं की तेल थेट डिस्कवर, आणि नीट काम करायचं तर बहुतेक मेकॅनिक अख्खा मागचा सांगाडाच खाली उतरवतात. इथे सुदैवाने कोरडं होतं. गंजासाठी सिल (दारांखालची पत्र्याची पट्टी), मागच्या चाकांच्या कमानींची पुढची टोकं, डिकीचा तळ असं सगळं टॉर्च मारून बघितलं, खरंच स्वच्छ आहे, आणि इंग्लंडच्या ओल्या हवेत चाळीस वर्षं राहिलेल्या गाडीत हीच सगळ्यात महाग गोष्ट, कारण पाइप आणि टायर विकत मिळतात, मूळचा पत्रा मिळत नाही. चाळीस वर्षं उलटल्यामुळे रोड टॅक्स शून्य, एमओटीसुद्धा सक्तीची नाही, पण मी दरवर्षी करणारच.

डीलरला सांगितलं की टायर, सगळे होज (रबरी पाइप), कूलंट, ब्रेक फ्लुइड आणि रेडिएटर याचे मिळून साडेतीन हजार कमी करा किंवा तुम्ही करून द्या. तो म्हणाला, मालकाला विचारतो. गुरुवारी फोन आला, होज आणि रेडिएटर ते करून देतायत, टायर माझे. शनिवारी परत जातोय, आणि या वेळी गाडी तासभर सलग चालवून तापमानाचा तो ड्रम कुठे थांबतो ते बघूनच टोकन देणार.